तीस मीटरच्या बाहेर

"तीस मीटर म्हणजे तीस मीटर," नाडगौडा साहेब म्हणाले, आणि टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन स्वतः जीपच्या सावलीत जाऊन उभे राहिले.

दुसरं टोक ज्यांच्या हातात होतं ते आमचे आरोपी. भूपाल मगदूम, वय एकाहत्तर, निवृत्त विज्ञान शिक्षक. स्वतःविरुद्धच्या तपासणीत स्वतःच टेप धरणारा आरोपी मी पहिल्यांदाच बघत होते. अर्थात आरोपीही मी पहिल्यांदाच बघत होते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम. एस्सी. करून रेडिओलहरींवर नजर ठेवणाऱ्या एका सरकारी कार्यालयात चिकटून मला सात महिने झाले होते, आणि ते सगळे महिने मी आवक-जावक रजिस्टरांवर नजर ठेवण्यात घालवले होते.

"ताणून धरा, मॅडम," मगदूम सर पलीकडून म्हणाले. "झोळ पडला तर तीसचे एकोणतीस पूर्णांक नऊ होतात. उद्या कोर्टात त्यावरून तुम्हीच अडकाल."

मी टेप ताणला.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचा जानेवारी होता. गाव मिरजेच्या वरच्या अंगाला, द्राक्षांच्या पट्ट्यातलं. तिथे आम्ही कसे पोचलो ते सांगायला फिनलंडपासून सुरुवात करावी लागते.

फिनलंडच्या पार उत्तरेला एक गृहस्थ राहतात. त्यांचं नाव आमच्या कार्यालयात कुणालाच उच्चारता येईना, म्हणून फाइलवर ते 'फिनलंडचे गृहस्थ' असेच राहिले. हिवाळ्यात तिकडे दुपारीच अंधार पडतो. त्या अंधारात हे गृहस्थ बर्फावर किलोमीटरभर लांब तार टाकतात आणि जगातली अशक्त, दूरची रेडिओ केंद्रं ऐकत बसतात. असले छंदिष्ट पुष्कळ आहेत. त्यांची एक रीत असते. काय ऐकलं, कधी ऐकलं, किती स्पष्ट ऐकलं, ते सगळं लिहून त्या केंद्राला पाठवायचं. केंद्रानं पडताळून पाहायचं, आणि खरं असेल तर 'होय, आपण आम्हालाच ऐकलंत' असं एक छापील कार्ड पाठवायचं. बाकी काही नाही. कार्ड भिंतीवर लावतात.

नोव्हेंबरात या गृहस्थांना लघुलहरींवर चार मिनिटं एक अनोळखी केंद्र ऐकू आलं. त्यांनी ते कॅसेटवर धरलं. भाषा कळेना, पण ती भारतीय वाटली आणि एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, म्हणून तेच केंद्राचं नाव असावं असा त्यांनी सभ्य तर्क केला आणि पत्र थेट आपल्या राजधानीला धाडलं. आपल्या देशाच्या 'रेडिओ डावणी' या केंद्राचा कार्यक्रम ऐकून आनंद झाला, कृपया कार्ड पाठवावं.

डावणी हा द्राक्षाच्या पानावर पडणारा रोग आहे.

राजधानीत हे कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिथून सहा कागद जोडून पत्र खाली आलं, की सदर केंद्र अस्तित्वात आहे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. सरकारनं आम्हाला विचारलं, आम्ही कॅसेट ऐकली. प्रक्षेपकाचा माग काढायला आम्हाला फारसे कष्ट पडले नाहीत. कॅसेटच्या शेवटी, खरखरीतून, तो आपलं नाव, गाव, पोस्ट, तालुका आणि पिनकोड सांगत होता.

आता कायद्याबद्दल दोन शब्द. तेव्हा आमच्या कार्यालयात एक परिपत्रक होतं, पुढे ते रद्द झालं. त्याप्रमाणे परवाना नसलेल्या माणसालाही लघुलहरींवर बोलता येत असे. अट एवढीच, की त्याच्या अँटेनापासून तीस मीटरवर लहरींची तीव्रता एका ठरावीक आकड्याच्या वर जाता कामा नये. तो आकडा मी इथे देत नाही, कुणीतरी हे वाचून संच बांधायला घेईल. पण तो इतका लहान होता, की साध्या भाषेत नियम असा व्हायचा: तुम्ही बोला, फक्त ते कुणाला ऐकू जायला नको.

मगदूम सरांनी हा नियम वाचला होता. नियम वाचणारी माणसं हा आमच्या खात्याला एकूणच त्रास. परवान्यासाठी त्यांनी अकरा वर्षांत नऊ अर्ज केले होते आणि एकाचंही उत्तर आलं नव्हतं. मग त्यांनी मर्यादेत बसेल असा संच स्वतः बांधला. वहीत हिशेब केला, दोन मीटरची पितळी काठी घराच्या भिंतीला उभी केली, आणि रोज संध्याकाळी सहाला बोलायला सुरुवात केली: आज किती दव पडलं, पान किती तास ओलं राहिलं, उद्या फवारणी करावी की थांबावं. डावणी पानावर बसायला काही तासांचा ओलावा पुरतो, आणि ते तास मोजायची सवय गावात सरांशिवाय कुणाला नव्हती.

पहिली दोन वर्षं त्यांचे श्रोते तीन होते. त्यांची बायको, गोठ्यातली म्हैस आणि कुंपणाशी उभा राहून ऐकणारा शेजारी. चौथा श्रोता कायद्याबाहेर पडत होता.

"मग दसऱ्यापासून सगळं गाव ऐकायला लागलं," चहा देताना सर आम्हाला सांगत होते. "मी एक कपॅसिटर बदलला होता. नुसता एक कपॅसिटर. शक्ती तेवढीच, नियमात. पण आवाज बघा कुठंपर्यंत गेला."

फिनलंडचं पत्र मी त्यांना दाखवलं होतं. दाखवायला नको होतं, ते कार्यालयीन कागदपत्र होतं. त्यांनी ते चारदा वाचलं, मग आत जाऊन बायकोला वाचून दाखवलं, मग बाहेर येऊन मला विचारलं, की त्या गृहस्थांनी तापमान सतरा लिहिलंय की सत्तर. हा आकडा त्या गृहस्थांनी रोमन लिपीत, नुसत्या उच्चाराप्रमाणे उतरवला होता. शब्द कळत नसताना. सरांनी स्वतःची वही काढली, नोव्हेंबरची ती तारीख शोधली आणि बोट ठेवलं. सतरा.

"मर्यादेच्या आत राहून फिनलंड," ते म्हणाले. नाडगौडा साहेबांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि सांगितलं, की ते आता मोजल्यावर कळेलच.

साहेबांना खरं तर मोजायचंही नव्हतं. फिनलंडला द्यायचं उत्तर त्यांनी ऑफिसातच टाइप करून आणलं होतं: असे कोणतेही केंद्र अस्तित्वात नाही, सदर गृहस्थांचा ऐकण्यात काही गोंधळ झाला असावा. राहिला प्रश्न संचाचा. आमच्या फॉर्मवर शेवटी छापलेलं होतं, 'तीव्रता मर्यादेच्या आत / बाहेर आढळली, लागू नसेल ते खोडावे.' आकडा लिहायला जागाच नव्हती. आकडा माझ्या टिपणवहीत राहायचा आणि ती वही गोपनीय होती. आरोपीला आकडा सांगायचा नाही, असा स्वतंत्र नियम होता. 'बाहेर' खोडलं की त्याच संध्याकाळी घर. 'आत' खोडलं की पंचनामा, जप्ती, मुद्देमाल, आणि पुढली काही वर्षं तालुक्याच्या कोर्टात हेलपाटे. साहेबांची निवृत्ती दोन वर्षांवर होती. त्यांचा कल कुठे असेल हे ओळखायला एम. एस्सी. लागत नाही.

तर आम्ही टेप लावला. काठीपासून तीस मीटर द्राक्षबागेच्या आत येत होते. मणी भरलेले होते, घडांखालून वाकून जावं लागत होतं. सरांनी घरात मायक्रोफोनपुढे गजराचं घड्याळ ठेवलं होतं, म्हणजे बोलायला कुणी नसतानाही आवाज जात राहील. मी अकरा किलोचं मोजणीयंत्र मांडीवर घेऊन बसले, गोल अँटेना उभी केली आणि काटा बघितला. काटा शेवटच्या खुणेला टेकून थांबला होता.

मी मोजणीची पट्टी बदलून वरची लावली. पुन्हा टेकला. तिसऱ्या पट्टीवर कुठे तो मधोमध आला.

"यंत्र बिघडलंय," साहेब जीपपाशी उभे राहूनच म्हणाले.

यंत्र बिघडलेलं नव्हतं, सकाळीच तपासलं होतं. मी टेप आणखी ओढायला सांगितला. साठ मीटरवर गेलो. अंतर दुप्पट केलं की तीव्रता घटायला हवी, हे काही मी विद्यापीठात शिकले नाही, ते आठवीच्या पुस्तकात असतं. तीव्रता घटली नाही, उलट किंचित वाढली. हेडफोनमध्ये घड्याळ टिकटिकत होतं, शेजारच्या खोलीत असावं तसं.

"असं होत नाही," सर म्हणाले. त्यांनी टेप खाली ठेवला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच.

गोल अँटेनाची एक सोय असते. ती फिरवत गेलं की एका दिशेला आवाज बुडतो, आणि त्यावरून लहर कुठून येते ते कळतं. मी ती फिरवली. मग आडवी केली. मग मान वर करून बघितलं.

डोक्यावर तारा होत्या. द्राक्षाचा मांडव तारांचाच असतो. लोखंडी खांबांवर वीतवीत अंतरानं ताणलेल्या, एकमेकींना पिळलेल्या, तीन एकरभर. मी त्या तारांखालून घराकडे चालत गेले. मगदूम सर माझ्या मागून. पितळी काठीच्या वरच्या टोकाला हातभर तार मोकळी सोडलेली असायला हवी होती, सरांनी ती हिशेबानं कापलेली होती. ती मोकळी नव्हती. तिला आणखी एक तार जोडून, पक्क्या सहा पिळांनी, मांडवाच्या कडेच्या तारेला बांधलेली होती.

बाग सरांचा मुलगा शीतल बघायचा. पस्तिशीचा, गप्प माणूस. सरांनी त्याला हाक मारली नाही, नुसती गाठ दाखवली.

"व्हय, म्याच बांधली," शीतल म्हणाला. "मोकळी हुती. वाऱ्यानं पत्र्यावर आपटायची. आईला झोप लागंना."

बागायतदाराला मोकळी तार दिसली की तो ती मांडवाला बांधतो. यात विचार करण्यासारखं त्याला काही वाटत नाही. शाळेत जाणारं मूल दिसलं की शिक्षक त्याला पाढा विचारतो, तसंच ते.

"कधी?" सरांनी विचारलं.

"दसऱ्याच्या आदल्या दिशी."

सरांनी बोटानं गाठीचे पीळ मोजले. "म्हणजे तो कपॅसिटर..." ते म्हणाले.

 कपॅसिटरचा काही संबंध नव्हता. त्यांनी काळजीनं मर्यादेत ठेवलेली शक्ती दसऱ्यापासून तीन एकरांच्या अँटेनावर चढत होती. नोव्हेंबरात सर सहाला बोलत, तेव्हा आपल्याकडे सूर्य बुडत असे आणि फिनलंड आधीच काळोखात असे. लघुलहरींना नेमकं हेच आवडतं.

नाडगौडा साहेबांनी मात्र हे सगळं ऐकून समाधानाचा सुस्कारा सोडला. म्हणजे काही प्रश्नच नाही, ते म्हणाले. चूक अजाणतेपणी झाली, तीही घरातल्या दुसऱ्याच माणसाकडून. शिवाय आमची मघाची मोजणी बाद, कारण मांडवच अँटेना असेल तर आम्ही अँटेनाच्या पोटात बसून मोजत होतो, तीस मीटर कुठले. त्यांनी शीतलला पक्कड आणायला सांगितली. शीतलनं गाठ सोडली. मी पुन्हा काठीपासून तीस मीटरवर बसले. काटा पहिल्या पट्टीवरच, निम्म्याच्या जरा पुढे, निमूट उभा राहिला. सरांनी वहीत केलेला हिशेब बरोबर होता. शंभरात दोनचाही फरक नव्हता.

"आत," साहेब म्हणाले. "झालं. मॅडम, खोडा."

त्यांनी बॅगेतून फिनलंडचं उत्तरही काढलं, सही करायला. सरांनी हात पुढे केला, म्हणून त्यांनी ते वाचायला दिलं. साहेब मनानं वाईट नव्हते, त्यांना वाटलं म्हाताऱ्याला बरं वाटेल.

सरांनी ते उभ्याउभ्या वाचलं. शिक्षक उत्तरपत्रिका वाचतो तसं, ओठ न हलवता.

"यात लिहिलंय, त्या माणसाचा गोंधळ झाला."

"तसं लिहावं लागतं," साहेब म्हणाले. "तुमचा संच मर्यादेच्या आत आहे. मर्यादेच्या आतला संच फिनलंडमध्ये ऐकू जाणं शक्य नाही. मग त्यानं काय ऐकलं? काही नाही."

"त्यानं सतरा ऐकलं."

"सर, दोन्ही नाही मिळत. तुम्ही आत असाल तर तुम्हाला कुणी ऐकलं नाही. ऐकलं असेल तर तुम्ही आत नाही. मी तुम्हाला आत ठेवतोय, आणि तुम्ही मलाच तपासताय."

सरांनी कागदाची नीट घडी घातली आणि साहेबांना परत दिली. मग शीतलकडे वळून म्हणाले, "बांध ती तार परत."

शीतल जागचा हलला नाही. आप्पा, वय काय तुमचं, असं काहीसं तो पुटपुटला. साहेबांनी सरांना नीट समजावून सांगितलं, आणि त्यांना समजावता छान यायचं. संच जप्त होईल. खटला उभा राहील. शिक्षा काहीही होऊ शकते, कैदसुद्धा. उद्यापासून संध्याकाळी सहाला गावात दवाचं कोण सांगणार? याउलट आत्ता एक शब्द खोडला की संच घरात, सर घरात, पुन्हा तीन श्रोते. सगळं कायदेशीर.

"मी चौतीस वर्षं शिकवलं," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "वर्गात पन्नास पोरं. माझ्यासमोर, तीन मीटरवर. चार मिनिटं सलग कुणी कान दिला असेल तर मला आठवत नाही. या माणसानं बर्फात किलोमीटरभर तार टाकली, भाषा येत नसताना चार मिनिटं ऐकलं, आणि आकडा बरोबर लिहिला. त्याला तुम्ही सरकारी शिक्का मारून चूक देताय. बरोबर उत्तराला चूक देत नाहीत, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. फॉर्मवर सही मोजणाऱ्याची लागते, अधिकाऱ्याची नुसती प्रतिस्वाक्षरी. "खोत मॅडम, सही तुमची आहे," ते म्हणाले. "तुमचे फक्त सात महिने झालेत, कायम व्हायचंय, एवढं ध्यानात ठेवा. बाकी तुम्ही विज्ञानाच्या आहात."

परिपत्रकात एक वाक्य होतं, यंत्रणा जशी आढळली तशी मोजावी. ते वाक्य मी साहेबांना म्हणून दाखवलं. आढळली तेव्हा तार बांधलेली होती. साहेब म्हणाले, परिपत्रक त्यांनाही पाठ आहे. मग मी शीतलच्या हातातली पक्कड घेतली. गाठ बांधायचा मला सराव नव्हता. चार पिळांनंतर सर म्हणाले, "सहा होते." मी सहा केले.

आता अँटेना म्हणजे सगळा मांडव, तर तीस मीटर त्याच्या कडेपासून मोजायचे. ते रस्त्यापलीकडे, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मुतारीच्या भिंतीशी येत होते. शास्त्रात जागा निवडता येत नाही. मी तिथे विटेवर यंत्र ठेवून बसले. साहेब जीपमध्येच राहिले. सहा वाजायला आले होते, तेव्हा सर म्हणाले, घड्याळ काढतो, रोजची वेळ झालीच आहे.

बरोबर सहाला हेडफोनमध्ये त्यांचा आवाज आला. बागायतदारांना नमस्कार. सकाळी पान पाच तास ओलं होतं. पारा अकरावर आला होता. ढग नाहीत, डावणीची भीती आज कमी, तरी खालच्या अंगाच्या बागांनी लक्ष ठेवावं. मी काटा बघत होते आणि आकडा लिहीत होते, तीनदा, सरासरी काढायला. शेवटी नाव, गाव, पोस्ट, तालुका, पिनकोड. मग एक नवीन वाक्य.

"आजचं प्रक्षेपण कायदेशीर मर्यादेच्या बाहेर आहे, याची श्रोत्यांनी नोंद घ्यावी."

मी भिंतीला टेकून फॉर्मवरचं 'आत' खोडलं. पट्टीनं खोडलं, एका सरळ रेघेत.

सरांनी पंचनाम्यावर सही केली आणि कितीनं बाहेर, असं विचारलं. साहेबांनी सांगितलं, गोपनीय. फिनलंडचं टाइप केलेलं उत्तर त्यांनी फाडलं नाही, फाइलला लावून ठेवलं, 'न्यायप्रविष्ट' असा शेरा मारून. संच जीपच्या मागच्या सीटवर माझ्या शेजारी ठेवला. शीतल फाटकापर्यंत आला आणि त्यानं मला विचारलं, की ही तार आता काढली तर चालेल का, का तीसुद्धा पुरावा आहे.

खटला उभा राहायला दीड वर्ष लागलं. दरम्यान साहेबांची बदली झाली आणि मला कायम केलं गेलं, एक वर्ष उशिरानं. त्या दीड वर्षात गावातल्या बागायतदारांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. सरांना न विचारता त्यांनी तालुक्यातले कुडचे वकील ठरवले.

कुडचे वकील हुशार होते. साक्षीला मी पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, द्राक्षाचा मांडव हे शेतीचं साधन आहे की नाही. मी म्हणाले, आहे. साधन म्हणून त्याला अनुदान मिळतं की नाही? मिळत असावं. "म्हणजे सरकार एका हातानं ज्याला अनुदान देतं त्यालाच दुसऱ्या हातानं अँटेना म्हणतं. मग त्यावरचे घड काय, मॅडम? लाउडस्पीकर?"

कोर्टात हशा झाला. न्यायाधीशही हसले. चाळिशीचे, दमलेले, समोर गठ्ठ्यानं मारामारीची प्रकरणं असलेले गृहस्थ. मी सांगायचा प्रयत्न केला, की विजेला अनुदान कळत नाही. ते लिहून घेतलं गेलं नाही. वकिलांनी पुढे मांडलं, की मांडव अँटेना नाहीच, सबब तीस मीटर काठीपासूनच मोजायला हवेत, सबब मुतारीपाशी केलेली मोजणी निरर्थक, सबब आरोपी मर्यादेच्या आत. न्यायाधीशांनी मान हलवली. त्यांना पटलं होतं, किंवा जेवायची वेळ झाली होती.

आरोपीच्या जागेवरून मगदूम सर उठून उभे राहिले. हात जोडून त्यांनी परवानगी मागितली.

"साहेब, माझे वकील भले गृहस्थ आहेत. पण भौतिकशास्त्र त्यांना कच्चं आहे. मांडवातून लहर जात होती. मी मर्यादेच्या बाहेर होतो."

कुडचे वकिलांनी त्यांची बाही ओढली. न्यायाधीशांनी सावकाश विचारलं, की आपण काय बोलतोय ते आपल्याला कळतंय ना. हा गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. सर म्हणाले, केल्यासारखं नाही, केलाच. त्यांची एकच विनंती होती: निकालात 'बाहेर' हा शब्द स्पष्ट यावा, प्रक्षेपणाची तारीख नोव्हेंबरातली ती यावी, आणि निकालाची शिक्क्यासह नक्कल मिळावी.

"नक्कल कशाला?"

"फिनलंडला पाठवायची आहे. तिथल्या एका माणसाला पोच द्यायची राहिलीय. केंद्रानं खातरजमा करून द्यायची असते. केंद्र तुमच्याकडे जमा आहे, म्हणून कोर्टाची देतो."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मग शिक्षा सांगितली. संच सरकारजमा, किरकोळ दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. ही शिक्षा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दोषी माणसानं त्या दिवशी कोर्टाचं काम संपेपर्यंत तिथेच बाकावर बसून राहायचं. वर एक शिपाई पहारा देतो. आमचा शिपाई अर्ध्या तासात भिंतीला टेकून झोपला.

माझी साक्ष संपली होती, मी जाऊ शकत होते. मी सरांच्या बाकावर जाऊन बसले. समोर बांधाच्या भांडणाची उलटतपासणी सुरू होती. सरांनी वरच्या खिशातून एक कार्ड काढलं. मिरजेच्या कुठल्याशा छापखान्यातून त्यांनी छापून घेतलं होतं, मराठीत आणि फिनलंडच्या माणसाला कळावं म्हणून इंग्रजीत. होय, आपण आम्हालाच ऐकलंत. खाली तारीख, वेळ, लहर, सगळं सरांच्या सुबक अक्षरात भरलेलं. एकच ओळ रिकामी होती. तीव्रता, कायदेशीर मर्यादेच्या किती पट.

"कितीनं बाहेर होतो?" त्यांनी विचारलं.

"आरोपीला आकडा सांगता येत नाही, सर. नियम आहे."

"मी आता आरोपी नाही," ते म्हणाले. "दोषी आहे."

मी नियम मनातल्या मनात पुन्हा वाचला. त्यात दोषींबद्दल खरंच काही नव्हतं.

"एकशे सतरा पट."

त्यांनी ते ऐकलं, पण पेन उघडलं नाही. काहीतरी उरलंय अशा चेहऱ्यानं ते माझ्याकडे बघत राहिले, वर्गात अर्धवट उत्तर दिल्यावर शिक्षक बघतात तसे.

"पूर्णांक चार," मी म्हणाले.

मग त्यांनी पेन उघडलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी न्यायाधीश उठले. वकील, पक्षकार, झोपेतून जागा झालेला शिपाई, सगळे उभे राहिले, मीही राहिले. कोर्ट उठलं, शिक्षा संपली, असं शिपायानं सरांना दोनदा सांगितलं. मगदूम सर बसूनच होते. कार्ड मांडीवर धरून ते दशांशचिन्ह जरा गडद करत होते.